शेपटाचं जाकीट

मामाला जाग आली ती गुडघ्याच्या हाकेनं. गजराची त्याला कधी गरजच पडत नसे. उजवा गुडघा कोंबड्याच्याही आधी आरवायचा. शाळेच्या हॉलमध्ये ओळीनं सतरंज्या टाकून सगळा ताफा झोपला होता. कुणी घोरत होतं, कुणी झोपेतच पाय मारत होतं, जशी काही सायकल अजून थांबलीच नव्हती. फळ्याखाली सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि खिडकीच्या गजाला अडकवलं होतं ते नारिंगी जाकीट.

मामानं आधी जाकिटाकडं पाहिलं, मग गुडघ्याकडं.

"आजचा दिवस तेवढा दम धर बाबा," तो गुडघ्याला म्हणाला. "उद्यापासून काय संप करायचा तो कर."

आज घाट होता.

ही सायकलफेरी निघायची हॉस्पिटलातल्या एका वॉर्डासाठी. ज्यांना बरं करता येत नाही आणि एकटंही सोडता येत नाही, अशा माणसांचा तो वॉर्ड. मामाची सून तिथं नर्स. फेरी तिनंच काढलेली. शेजारीपाजारी, नातेवाईक, दुकानदार, ज्याला जमेल तो सायकलवाल्यांच्या नावानं वॉर्डाला काहीतरी द्यायचं कबूल करायचा आणि सायकलवाले पाच दिवस मुक्काम करत, घाम गाळत, कुल्ले सोलून घेत त्या कबुलीचं चीज करायचे. सगळ्यात पुढं सूनबाई आणि सगळ्यात मागं सासरा. "घरातही तेच चाललंय की," असं मामाची बायको म्हणायची.

सगळ्यात मागच्याला फेरीत शेपूट म्हणत. शेपूटमामा म्हणता म्हणता शेपूट गळालं आणि मामा उरला. काम ऐकायला सोपं: कुणालाही ओलांडायचं नाही. शेवटचा माणूस गोगलगाय झाला तर आपणही गोगलगाय व्हायचं. तो झुडपामागं गेला तर पाठ करून उभं राहायचं. पंप, ट्यूब, मलमपट्टीची पिशवी, सगळं शेपटाच्या कॅरिअरवर. मुक्कामाला एक पितळी घंटा टांगलेली असे. शेपूट आलं की शेपटानंच ती वाजवायची, म्हणजे सगळी आली. घंटेआधी घास नाही, हा फेरीचा कायदा. कितीही भूक लागो, पातेल्यावरचं झाकण हलायचं नाही. त्यामुळं शेपटाइतकी आतुरतेनं वाट नवरदेवाचीसुद्धा कुणी बघत नसेल.

आणि शेपटाच्याही मागं, नाहीतर आसपास, फिरायचा तो 'पाळणा'. पाळणा म्हणजे मागं सायकली लटकवायची सोय असलेली गाडी. ती मामाचा मुलगा चालवायचा. ज्याचे पाय गेले, ज्याला चक्कर आली, त्यानं त्यात बसायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं सूनबाई रोज सकाळी सांगायची, आणि रोज लाजेनं लाल झालेला एखादा तरी त्यातून उतरायचाच. "मुलाचे पाय पाळण्यात दिसले बरं का!" असं सगळी ओरडायची.

मामा कधी पाळण्यात बसला नव्हता.

उभी हयात तो हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवत होता. मागच्या फाटकाशी, बॉयलरच्या शेजारी, एक खोली. त्यात एक खाट, भिंतीवर फोन, एक थर्मास. बूट घालूनच झोपायचं. फोन खणाणला की अर्धवट मिटल्या डोळ्यांनी हात किल्लीवर. त्याला गाडी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी आतला आरसा छताकडं फिरवून टाकला होता. "मागं नर्स आहे, नातेवाईक आहेत, देव आहे. तुझं तिथं काय काम? तू पुढं बघ." पाठीमागं काचेची एक लहानशी खिडकी होती. मामानं त्या खिडकीतून कधी पाहिलं नाही. तो कानांनी गाडी चालवायचा. मागचा खोकला, मागची घरघर, मागची शांतता ऐकून त्याचा पाय कमीजास्त व्हायचा. "श्वास ऐकून मी सांगतो माणूस किती पाण्यात आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते खोटं नव्हतं.

नोकरी संपली आणि दोन खोल्यांच्या घरात मामा पिंजऱ्यात घातलेल्या अस्वलासारखा फिरायला लागला. कुठं घंटी वाजली की उठून उभा. "अहो बसा, शेजाऱ्यांचा टीव्ही आहे तो," बायको म्हणायची. मग सुनेनं त्याला फेरीत ओढलं. पहिल्या वेळी मामा सवयीप्रमाणं जो सुसाट सुटला तो सगळ्यांना मागं टाकून, वळण चुकून, भलत्याच गावात जाऊन पोचला. संध्याकाळी एकटाच एका दुकानाच्या पायरीवर, "बाकीचे कुठं राहिले?" म्हणून चिडून बसलेला सापडला.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "तुम्हाला पुढं ठेवलं तर तुम्ही एकटेच पोचता. तुम्ही मागं चला."

मामा रुसला. एक दिवस कुणाशी बोलला नाही. पण मागं राहिल्यावर त्याला गंमत वाटायला लागली. जन्मभर ज्याला पुढचा रस्ता तेवढा ठाऊक, त्याला आता माणसांच्या पाठी दिसायला लागल्या. हट्टी पाठी, दमलेल्या पाठी, घरी भांडून आलेल्या पाठी. तोंड खोटं बोलेल, पाठ बोलत नाही, असा त्याचा सिद्धांत झाला. जाकीट अंगावर चढलं की तो दोन बोटं उंच व्हायचा.

आणि आता तेच जाकीट पणाला लागलं होतं.

गेल्या खेपेला याच घाटात, वरच्या अंगाला, मामा एका दगडावर बसला होता. तोंड चुन्यासारखं पांढरं. "बुटात खडा गेला," असं त्यानं सांगितलं होतं, पण सून नर्स. खडा बुटात की छातीत, हे तिला कळत होतं. ती गप्प बसली. यंदा मात्र जिमवाल्यानं तोंड उघडलं. व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला लावणारा हा गडी मनानं वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्या गोष्टी उचलाव्याशा वाटत. काल जेवताना तो म्हणाला, "वहिनी, घाटात शेपूट तरणं पाहिजे. मामांना आराम द्या. जाकीट मी घालतो."

सगळे घास हातात धरून बसले. सूनबाईनं सासऱ्याकडं पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्याचा घाट बाबांचा. स्वतःच्या पायांनी वर आले तर जाकीट त्यांचं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. पाळण्यात बसले तर जाकीट तुझं."

"कबूल," मामा म्हणाला. पण सुनेनं चारचौघांत आपल्या पायांचा लिलाव मांडावा, हे त्याला लागलं. रात्रभर ते कुसळासारखं टोचत राहिलं.

सकाळी निघताना बायकोचा फोन आला.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"कुठली? पांढरी की पिवळी?"

"समोर होती ती."

"शाबास! ऐका, आज घाट आहे ना? जाकिटाचा हट्ट असेल तर जाकीट पाठवा वर. तुम्ही सावकाश या."

"तुझं काहीतरीच."

"जन्मभर पुढं पळून काय मिळवलं ते माहीत आहे, आता मागं राहून काय दिवे लावायचे राहिलेत कुणास ठाऊक," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिची काळजी नेहमी भांडणाचेच कपडे घालून यायची.

ताफा हलला. सूनबाईची शिट्टी वाजली, चाकांची घरघर सुरू झाली आणि एकेक पाठ मामाच्या समोरून लांब लांब जात राहिली. शेवटी समोर उरली एकच पाठ, टेलरताईची.

टेलरताई पन्नाशीची, अंगानं भरलेली. बाजाराच्या गल्लीत जिन्याखाली तिचं दुकान होतं, एक पायमशीन आणि एक इस्त्री मावेल एवढं. तिच्या कमरेच्या पाकिटात सुईदोरा कायम असायचा. काल कुणाच्या पँटचा मागचा भाग सीटनं खाल्ला, तर तिनं त्याला झाडाला मिठी मारून उभं केलं आणि आहे तिथंच टाके घातले होते. ती यंदा पहिल्यांदाच आलेली. पहिले दोन दिवस ती मधल्या घोळक्यात होती, त्यामुळं मामाची तिच्याशी फारशी ओळख नव्हती. आज ती शेवटी कशी आली, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग तोच मनाशी म्हणाला, घाट आहे, वजनदार बाई आहे, यायचीच.

पायथ्याचा पूल ओलांडला आणि रस्त्यानं नाक वर केलं. पहिल्याच वळणावर टेलरताई थांबली. एक पाय जमिनीवर, हात छातीवर.

"थांबा हो मामा. दम लागला."

"लागू द्या. घाई कुठं आहे?" मामा म्हणाला. मनातून त्याला हायसं वाटलं, कारण त्याच्या स्वतःच्या छातीत लोहाराचा भाता चालू झाला होता. "असं करा ताई, नाकानं घ्या, तोंडानं सोडा. पॅडल मारताना मोजायचं नाही, वर बघायचं नाही. समोरचं चाक तेवढं बघायचं."

"बरं बाई. तुम्ही आहात म्हणून बरं."

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "मामा, बसू का मी पाळण्यात? माझ्यापायी सगळी उपाशी राहतील वर."

मामानं भरभर हिशेब केला. टेलरताई पाळण्यात गेली तर शेवटचा माणूस म्हणजे तिच्या पुढचा, आणि तो कुठल्या कुठं वर गेलेला. त्याला गाठायचं म्हणजे हा सगळा चढ धावत चढायचा. शेपटाला मध्येच लोंबकळत राहून चालत नाही. म्हणजे बाई बसली की मामाही बसल्यातच जमा.

"छे, छे! पाळणा कसला?" तो घाईघाईनं म्हणाला. "उपाशी राहिली तर भूक चांगली लागते. तुम्ही माझ्या भरवशावर चला. मी एवढी माणसं पोचवली, तुम्हाला नाही पोचवणार?"

ती काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच हसली आणि सायकलवर बसली.

मग मामानं तिला बोलण्यात गुंतवलं. उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीची गोष्ट सांगितली, जुळ्यांची सांगितली. एक जुळं रस्त्यात झालं आणि दुसरं हॉस्पिटलात, त्यामुळं ती भावंडं आजही, कोण कुठल्या गावचं यावरून भांडतात. टेलरताई हसायची, मग छातीला हात लावून थांबायची. दर वळणाला थांबायची. मामा प्रत्येक वेळी मोठ्या मनानं म्हणायचा, "घ्या, घ्या दम," आणि हँडलवर मान टाकून आपलाच दम घ्यायचा. ऊन चढलं. खालचा पूल काडीएवढा दिसायला लागला. घाट अर्धा सरला. आज जाकीट राहतंय, असं मामाला वाटायला लागलं.

तेवढ्यात वरून शिट्ट्या ऐकू आल्या. लांब, लांब, लांब. म्हणजे कुणीतरी पडलं.

पडलेल्याकडं धावायचं ते शेपटानं, कारण मलमपट्टी शेपटाकडं. कानावर शिट्टी पडली आणि मामातला जुना ड्रायव्हर ताडकन जागा झाला. तो पॅडलवर उभा राहिला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. पाय खाली गेला, पण वर येईना. गुडघ्यात कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. सायकल आडवी होता होता त्यानं पाय टेकला.

टेलरताईनं वळून पाहिलं. एकदा त्याच्याकडं, एकदा रस्त्याकडं.

"पिशवी द्या मामा."

"अहो, तुम्हाला दम—"

तिनं त्याच्या कॅरिअरची पिशवी सोडवून गळ्यात अडकवली आणि निघाली. निघाली म्हणजे काय, सुटली! दोन्ही गुडघे मशीनच्या पायपट्टीसारखे लयीत वर खाली, वर खाली, पाठ सरळ, खांदे जागच्या जागी. जन्मभर पायमशीन मारलेले पाय ते. मामा बघत राहिला तोवर ती वळणाआड झालीसुद्धा.

तो सायकल ढकलत वर पोचला, तर बँकेत काम करणारा एक गृहस्थ कठड्याला टेकून बसलेला. कोपर खरचटलेलं, पायाचा घोटा सुजलेला, चष्मा वाकडा. कोपराला पट्टी बांधून झाली होती, तीही अशी नेटकी की तिला काजंच करायची तेवढी बाकी होती. टेलरताई त्याचा चष्मा सरळ करत होती.

मामानं तिच्याकडं नीट पाहिलं. कपाळ कोरडं. श्वास झोपलेल्या लेकरासारखा शांत.

माणसाचा श्वास ऐकून गाडी हाकणाऱ्या मामाला सकाळपासूनचा तिचा धापा टाकण्याचा नाटकीपणा ऐकू आला नव्हता. कसा येणार? त्याचा स्वतःचाच भाता एवढा वाजत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला दम लागत नाही."

टेलरताईनं चष्मा बँकवाल्याच्या नाकावर ठेवला. "नाही लागत," ती म्हणाली.

"मग सकाळपासून चाललंय काय?"

"सूनबाई म्हणाल्या, शेवटी राहा. दर वळणाला थांबा. बाबांना आपल्यामुळं थांबावं लागलं असं वाटायला नको, म्हणून तुम्हीच थांबा."

"मला पोचवायला ठेवलंय तुम्हाला?"

"हो."

मामाच्या कानशिलावरची शीर तटतटली. "वा! चारचौघांत अट घालायची आणि पाठीमागं अशी बाहुली नाचवायची! त्यापेक्षा काल जाकीट काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी आपला तुम्हाला श्वास घ्यायला शिकवतोय. केवढं हसला असाल!"

"हसले," ती म्हणाली. "जुळ्यांच्या गोष्टीला. आणि मामा, अट कशाला घातली ते कळलं नाही का तुम्हाला? जिमवाल्यानं सगळ्यांसमोर जाकीट मागितलं. नाही म्हटलं असतं तर सासऱ्याला पाठीशी घालते म्हणाले असते. म्हणून तिनं अट घातली, आणि मग तुम्ही ती जिंकावी म्हणून रात्री माझ्याकडं आली. रडत होती पोर."

एवढ्यात वरून पाळणा आला. मुलानं बापाचं तोंड पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. बँकवाल्याला पुढच्या सीटवर बसवलं, त्याची सायकल मागं लटकवली, आणि मागचं दार उघडं धरून हळूच म्हणाला, "बाबा, बसा. कुणी काही म्हणणार नाही."

राग आला की माणूस स्वतःच्याच घराला काडी लावतो. मामानं पाय पायरीवर ठेवला. घ्या तुमचं जाकीट, घाला लोणचं त्याचं! आत मागची सीट, वर बुटकं छत, पुढं ड्रायव्हरची पाठ. एवढी वर्षं गाडीत काढली, पण गाडीच्या मागच्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. तिथून रस्ता दिसत नाही, हे त्याच्या आता लक्षात आलं. दिसते ती फक्त पुढच्याची मान.

"मामा," मागून टेलरताई म्हणाली, "मी तुमच्या गाडीत बसलेय एकदा."

त्याचा पाय पायरीवरच राहिला.

"आमच्या ह्यांना आणलं होतं तुम्ही. नर्स त्यांच्यात गुंतलेली. मी कोपऱ्यात. विचारायचं कुणाला? म्हणून त्या काचेतून तुमच्या मानेकडं बघत बसले. म्हटलं, ही मान हलली, वळली, की समजायचं संपलं. सगळा रस्ता बघितला. मान काही हलली नाही. म्हटलं, म्हणजे पोचतोय आपण."

"पोचलो होतो?" मामानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दार उघडायचं, स्ट्रेचर जायचं, तो गाडी धुवायला लागायचा. कोण होतं, काय झालं, त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"पोचलो होतो. पुढं बरेच दिवस काढले त्यांनी. शेवटी त्या वॉर्डातच होते. चिडका माणूस, पण मजेत गेला." तिनं गळ्यातली पिशवी नीट केली. "सूनबाईनं विचारलं तेव्हा मला वाटलं, एक दिवस मामांना माझी मान दिसू दे. एवढंच. हसायला नव्हते मी."

वारा कठड्यावरून आला आणि जाकिटात शिरून ते फडफडवून गेला. मामानं पाय पायरीवरून खाली घेतला. मग त्यानं जाकिटाची चेन ओढली आणि ते अंगातून काढलं. आतला सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"हे घाला."

"मी?"

"मलमपट्टी कुणी केली? शेवटचा माणूस कोण, ते तर दिसतंच आहे. मग शेपूट कोण? घाला."

मुलगा घाबरला. "बाबा, अट..."

"अट पायांची आहे, जाकिटाची नाही. तू जा वर. आईचा फोन आला तर बाप जिवंत आहे म्हणून सांग."

पाळणा गेला. मामा सायकलवर बसला, आणि या वेळी टेलरताई मागं राहिली. पुढं कुणी नव्हतं, फक्त रस्ता, आणि तो होता तसाच वर चढत होता. पण आता मामा स्वतःच्या दमासाठी थांबायचा, आणि दम लागला असं सांगून थांबायचा. दुसऱ्याच्या नावावर काही टाकायचं राहिलं नव्हतं. मागची चाकंही थांबत. तो निघाला की मागची साखळी पुन्हा करकरायची. "घ्या, घ्या दम," एकदा मागून आवाज आला, थेट त्याच्याच सुरात, आणि मामाला एवढं हसू आलं की पॅडल चुकलं.

वरच्या अंगाला तो दगड आला, गेल्या खेपेचा. मामा त्यावर बसला. मुद्दाम बसला. बुटात खडा नव्हता.

"छातीत होतं हो कधीकधी," तो म्हणाला. टेलरताईकडं बघून नाही, समोरच्या दरीकडं बघून. "घरी माहीत नाही."

"सूनबाईला माहीत आहे."

"तिला माहीत आहे, हे मला माहीत आहे. तोंडानं सांगितलेलं नाही."

"मग सांगा."

मामानं मान हलवली. हो म्हणून की बघू म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. थोड्या वेळानं तो उठला. शेवटचा तुकडा त्यानं चालत काढला, हँडलवर रेलून, म्हाताऱ्या बैलाला पाणी पाजायला न्यावं तसा सायकलला घेऊन.

माथ्यावरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सगळी बसली होती. पातेली झाकलेली, ताटं मांडीवर, नजरा रस्त्यावर. सूनबाई फाटकाबाहेर उभी होती. तिला आधी सासरा दिसला, बिनजाकिटाचा. मग मागून नारिंगी जाकिटातली टेलरताई. सूनबाईचा चेहरा पडला.

"बाबा... पाळणा?"

"बुटांकडं बघ. पाळण्यात एवढी धूळ असते का? पायांनी आलोय. निम्म्यात सायकलला चालवलं, ते वेगळं."

व्हरांड्यातून आरडाओरडा झाला. "घंटा! मामा, घंटा! आतडी वाजतायत!" मामा घंटेपाशी गेला नाही. त्यानं टेलरताईला हातानं दाखवलं. तिनं दोरी ओढली, पितळेचा आवाज दरीत जाऊन परत आला, आणि झाकणं धडाधड उघडली.

सूनबाई ताट घेऊन सासऱ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ दोघंही बटाटे चिवडत राहिली.

"ताईंना सांगितलं म्हणून रागावलात?"

"रागावलो होतो." मामानं पाण्याचा घोट घेतला. "घरी गेल्यावर मला तुमच्या त्या यंत्राखाली झोपव. छातीच्या. आणि सासूला तूच सांग. माझ्यानं तिच्यापुढं तोंड उघडवणार नाही."

सुनेनं मान खाली घातली. "बरं," एवढंच म्हणाली, पण हातातला घास तसाच राहिला.

जिमवाला ताट घेऊन घुटमळत आला. "मामा, मानलं तुम्हाला. आता जाकीट तुमचंच. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"अट तशीच होती," सूनबाई म्हणाली. "जाकीट बाबांचं."

टेलरताईनं जाकीट काढून मांडीवर घेतलं होतं आणि शिवणीवर बोट फिरवत होती, धंद्याची सवय. "घ्या मामा, तुमचं तुम्हाला," ती म्हणाली. "मला खांद्यात दाटतंय. मापाचं नाही."

मामानं जाकिटाकडं पाहिलं. पाठीवरचा रंग उन्हानं उडालेला, कॉलरला त्याच्याच घामाचा पांढरा नकाशा. त्यानं एक घास खाल्ला, नीट चावला, गिळला.

"मग उसवून घ्या," तो म्हणाला.

"आं? एकदा उसवून सैल केलं की तुमच्या अंगावर ते पोत्यासारखं लोंबेल."

"लोंबू दे. माझ्या अंगावर कशाला येतंय ते?"

टेलरताईनं सूनबाईकडं पाहिलं. सूनबाईनं सासऱ्याकडं. जिमवाला नुसताच उभा. मग टेलरताईनं कमरेच्या पाकिटातून छोटी कात्री काढली, शिवण ताणून धरली, आणि पहिला टाका कट्‌कन तोडला.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला.

"पोचलात?" बायको. "कितवे आलात?"

"शेवटून दुसरा."

"अगंबाई! बढती झाली म्हणायची." आवाज खाली आणून तिनं विचारलं, "मग मागं कोण होतं हो तुमच्या?"

मामानं फोन कानाला तसाच धरला आणि मान वळवून मागं पाहिलं. टेलरताई व्हरांड्याच्या कडेला उजेडाकडं तोंड करून बसली होती, दोरा दातात धरून, खांद्याची शिवण उलगडत.

"सांगतो," तो म्हणाला. "सावकाश सांगतो."